बेड बाल्कनीजवळ की कपाटाजवळ? क्रूझच्या खोलीचा दर हंगामात होणारा घोळ

दर हंगामात हा फोन ठरलेला. जहाज मुंबईच्या बंदरातून सुटून तासही झालेला नसतो, मोबाइलची रेंज जायच्या बेतात असते आणि पलीकडून आवाज येतो, "दादा, फोटोत बेड बाल्कनीपाशी होता, आमचा तर बाथरूमच्या दाराला लागून आहे." नाहीतर, "आम्ही दोघी मैत्रिणी, आणि इथं एकच डबल बेड टाकलाय." नाहीतर मागून एखाद्या आजी विचारतात, "आरं बाबा, दक्षिणेला पाय करून झोपू का म्या?"

मी लातुरात बसून सहली काढतो. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांसाठी जहाजावरची रात्र ही पाण्यावरची आयुष्यातली पहिलीच रात्र असते. मुलांनी पैसे जमवून आईवडिलांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ही सहल दिलेली असते. अशी रात्र बेडच्या जागेवरून खराब झाली की मला फार लागतं, कारण बुकिंग करतानाच थोडा वेळ दिला तर हा घोळ टळतो.

चूक कुठं होते ते आधी सांगतो. आपण खोलीचा प्रकार बुक करतो, खोली बुक करत नाही. इनसाइड (बिनखिडकीची), ओशन व्ह्यू (खिडकीची), बाल्कनी असे प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकाराचा एक फोटो दाखवलेला असतो. तो फोटो त्या प्रकारातल्या एका कुठल्यातरी खोलीचा. तुमची खोली त्याच्या उलट असू शकते, आणि बऱ्याचदा असतेच.

उलट का? आपल्या कॉलन्यांमधली रो हाऊस डोळ्यांसमोर आणा. दोन घरांची मधली भिंत एक, आणि त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना बाथरूम, म्हणजे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच जागेतून जातात. म्हणून एका घराचा जिना डावीकडे, तर शेजारच्याचा उजवीकडे. जहाजात जागा त्याहून मोलाची, तिथं हीच युक्ती आहे. शेजारच्या दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून बसवतात, त्यामुळे एक खोली दुसरीचं आरशातलं रूप होते. हे झालं डाव्या-उजव्याचं. त्याच्या जोडीला बऱ्याच जहाजांवर बेड आणि सोफा यांची जागाही एकाआड एक बदलते. एका खोलीत बेड बाल्कनीच्या काचेपाशी आणि सोफा कपाटाकडे. शेजारच्या खोलीत बेड कपाट-बाथरूमकडे आणि सोफा काचेपाशी. काही जहाजांवर तर मधली भिंत सरळ नसतेच, ती मध्येच थोडी आत-बाहेर वळते. एकीचा बेडचा रुंद भाग जिथं येतो, तिथं शेजारणीचा सोफ्याचा अरुंद भाग.

म्हणजे 'बाल्कनी रूम' असं तिकिटावर लिहिलेलं असलं तरी बेडबद्दल काहीही ठरलेलं नसतं. नंबरावरून ठरतं.

आणि नंबरच न घेता बुकिंग झालं असेल तर? स्वस्तातल्या भाड्यात बहुधा 'गॅरंटी' असा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच की त्या प्रकारातली खोली नक्की मिळेल, कुठली ते कंपनी ठरवेल. तरण्या पोरांना हे चालतं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल, रात्री दोन-तीनदा उठावं लागणारं कुणी असेल, तर हे भाडं घेऊ नका. चार पैसे जास्त गेले तरी नंबर निवडून घ्या.

नंबर हातात आला की जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक डेकचा (मजल्याचा) नकाशा, उघडा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो असतो. नंबराचे सुरुवातीचे आकडे सहसा डेकचे असतात आणि पुढचे आकडे पुढच्या टोकापासून मागे वाढत जातात. सम नंबर एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण कुठली बाजू कुणाची हे कंपनीगणिक बदलतं. त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका, प्लॅनवर बोट ठेवून बघा.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. देवीचं दर्शन घेऊन बाहेर पडताना नवखा माणूस हमखास भलत्याच रस्त्याला लागतो. आम्ही एक खूण पक्की धरतो आणि तिच्यावरून बाकीच्या बाजू लावतो. जहाजावर ती खूण म्हणजे पुढचं टोक. प्लॅनवर निमुळता भाग दिसतो तोच. त्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची बाजू पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड. जहाज मागे येऊ दे नाहीतर वळू दे, ही नावं बदलत नाहीत. जहाजावर गेल्यावर लांबच लांब कॉरिडॉरमध्ये गोंधळ उडाला तर बाहेरच्या डेकवर जाऊन लाइफबोटीचे नंबर बघा. विषम नंबरच्या बोटी उजव्या अंगाला, सम नंबरच्या डाव्या अंगाला टांगायची जुनी रीत आहे. काही जहाजांच्या गालिच्यावर मासे विणलेले असतात आणि ते सगळे पुढच्या टोकाकडे पोहत असतात, माणसाला दिशा कळावी म्हणून. ही सोय मला फार आवडते.

आता डोकं कुठं येईल ते काढू. मनातल्या मनात खोलीच्या दारात उभे राहा. पाठ कॉरिडॉरला, तोंड समुद्राकडे. खोली डाव्या अंगाची असेल तर जहाजाचं पुढचं टोक तुमच्या उजव्या हाताला येतं. उजव्या अंगाची असेल तर डाव्या हाताला. बेडची डोक्याकडची फळी साधारणपणे आडव्या भिंतीला, म्हणजे शेजारच्या खोलीशी सामाईक असलेल्या भिंतीला टेकवलेली असते. त्यामुळे डाव्या अंगाच्या खोलीत फळी उजव्या हाताच्या भिंतीला असली तर झोपणाऱ्याचं डोकं जहाजाच्या पुढच्या टोकाकडे येतं. उजव्या अंगाच्या खोलीत फळी उजव्याच भिंतीला असली तर डोकं मागच्या टोकाकडे. कागदावर एकदा काढून बघा, डोक्यात बसतं. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाच्या, मागे तोंड असलेल्या खोल्यांना हा हिशेब लागू होत नाही. तिथं सगळं काटकोनात फिरतं.

फळी कुठल्या भिंतीला आहे हे कळायला त्याच नंबरच्या खोलीचा यूट्यूबवरचा व्हिडिओ सापडला तर सोनंच. नाही सापडला तर त्याच डेकची, त्याच बाजूची, एक सोडून पुढची किंवा मागची खोली शोधा. एकाआड एक रचना असेल तर ती तुमच्यासारखी निघण्याची शक्यता जास्त. व्हिडिओत माणूस दार उघडतो त्या क्षणी थांबवा आणि बाथरूम कुठल्या हाताला आहे आणि बेडची फळी कुठल्या, ते बघा. खोलीच्या आतून, बाल्कनीकडून घेतलेल्या फोटोवर विसंबू नका. तिथूनच डावं-उजवं उलटं होतं आणि माणूस फसतो. एवढं करून मग कंपनीला लेखी विचारा: "अमुक जहाज, अमुक नंबर, बेड बाल्कनीकडे आहे की कपाटाकडे?" फोनवरच्या उत्तरावर मी आता थांबत नाही. ईमेल मागतो.

दक्षिणेला पाय

हा प्रश्न हसण्यावारी नेणारे बुकिंगवाले मी पाहिलेत. मला ते पटत नाही. ज्या माणसानं सत्तर वर्षं दक्षिणेकडे पाय करून अंग टाकलं नाही, त्याला पहिल्याच रात्री अनोळखी जागी तसं झोपायला सांगितलं तर डोळ्याला डोळा लागणार नाही.

पण खरं ते आधी सांगावं लागतं. जहाजाची दिशा कायम एक नसते. मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाचं तोंड साधारण दक्षिणेकडे. तुमचं डोकं पुढच्या टोकाकडे येत असेल तर डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे बरोबर. परतीच्या रात्री त्याच बेडवर पाय बरोबर दक्षिणेला. लक्षद्वीपच्या फेरीतही असंच. म्हणजे कुठलाही नंबर घेतला तरी जाण्या-येण्यापैकी एक रात्र उलटी निघणार. नंबर बदलून हे सुटत नाही.

सुटतं ते उशीनं. अंबाजोगाईच्या एका आजींनी मला हे शिकवलं. परतीच्या संध्याकाळी त्यांनी खोली आवरायला येणाऱ्या मुलाला खुणेनंच सांगून उशा पायथ्याशी घेतल्या, चादर उलटी खोचून घेतली आणि निवांत झोपल्या. बेडचा पायथा मोकळा असतो, त्यामुळे हे जमतं. एकच अडचण, दिव्याचं बटण डोक्याच्या फळीपाशीच राहतं. म्हणून उशाला बॅटरी ठेवा. आता मी निघायच्या आधीच घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगतो, "आजी, जाताना उशी इकडं, येताना तिकडं." घरी बसून कळलेलं माणूस मान्य करतं. जहाजावर गेल्यावर कळलं की मनाला लागतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. जाताना डाव्या अंगाच्या बाल्कनीतून किनारा आणि सकाळचं ऊन, उजव्या अंगाच्या बाल्कनीतून मोकळा समुद्र आणि मावळता सूर्य. येताना उलट. ज्यांना उन्हानं पहाटे जाग येते त्यांनी पडदा नीट ओढून घ्यावा. बेड काचेपाशी असला तर हे जास्तच जाणवतं.

बेड कुठं हवा, हे कोण ठरवणार

काचेपाशीचा बेड सगळ्यांनाच हवा असतो, कारण फोटोत तो छान दिसतो. मला विचाराल तर साठीच्या पुढच्या जोडप्यानं कपाटाकडचाच बेड मागून घ्यावा. रात्री बाथरूमला चार पावलांत जाता येतं. बाथरूमच्या दाराशी बऱ्याच जहाजांवर चांगला उंच उंबरा असतो. झोपेत पाय अडखळायला तेवढा पुरतो. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा, म्हणजे उंबरा दिसतो. लहान मुलं असतील तरीही बेड आत आणि सोफा काचेकडे बरा. मुलं सोफ्यावर बसून समुद्र बघतात, मोठ्यांना दुपारी डुलकी काढता येते.

पण प्रत्येक घराचं आपलं कारण असतं. औसा तालुक्यातले एक तात्या होते. बायकोला काचेपाशी झोपायचं होतं, आणि तात्या काही सांगेनात. फक्त म्हणत होते, "दार जवळ पायजे." मी दोनदा विचारलं, मग बोलले. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतर गावं झोपलेली असताना, पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तात्या तेव्हा दगड-मातीच्या घरात भिंतीकडेला झोपले होते, आणि दार लांब होतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या भागात अशी माणसं घरोघरी आहेत, आणि रात्री जहाज हलतं. आम्ही त्यांना कपाटाकडच्या बेडची खोली घेऊन दिली, दारापासून हातभर अंतरावर. काकूंना सांगितलं, दिवसभर बाल्कनी तुमचीच. जहाज सुटायच्या वेळी प्रवाशांची जी सुरक्षेची तालीम होते, तिला तात्या सगळ्यांच्या पुढे उभे होते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाजाला अपघात झाल्यानंतर ही तालीम सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. तात्यांनी आपल्या जमायच्या जागेची वाट दोनदा चालून पाहिली. त्या रात्री ते झोपले, असं काकूंनी परत आल्यावर सांगितलं.

तेव्हापासून मी कुणालाही 'व्ह्यू कसा हवा' हे आधी विचारत नाही. कोण रात्री उठतं, कोण कशाला घाबरतं, कोण घोरतं हे विचारतो.

जोडलेला बेड, सुटा बेड आणि वरचा बेड

क्रूझवरचा डबल बेड म्हणजे बहुतेकदा दोन सिंगल बेड एकत्र लावलेले. ते सुटे करता येतात. दोन मैत्रिणी, दोन भाऊ, सासू-सून असं कुणी असेल तर बुकिंगमध्येच 'बेड सुटे हवेत' अशी नोंद करून घ्या आणि जहाजावर चढताच खोलीच्या कर्मचाऱ्याला पुन्हा सांगा. नोंद हरवते, हा अनुभव आहे. सामान लावून झाल्यावर सांगितलं तर सगळं परत उचलावं लागतं. स्वतः बेड ओढायला जाऊ नका. काही सामान जमिनीला किंवा भिंतीला पक्कं केलेलं असतं.

एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. बेड सुटे केले की काही जहाजांवर ते दोन भिंतींच्या कडेनं उभे लावतात, म्हणजे झोपायची दिशा काटकोनात फिरते. आधी डोकं जहाजाच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे होतं, आता ते समुद्राकडे किंवा कॉरिडॉरकडे येतं. वर काढलेला उत्तर-दक्षिणेचा हिशेब इथं नव्यानं करावा लागतो. मुंबई-गोवा मार्गावर मात्र यानं आजींचा प्रश्न मिटतो, कारण पाय पूर्वेला किंवा पश्चिमेला जातात. ज्यांना उशी फिरवायची नाही त्यांना मी हाच उपाय सुचवतो. जोडलेल्या बेडमधली फट टोचत असेल तर वरून जाड गादीपट्टी मागा. असेल तर देतात.

तिसऱ्या-चौथ्या माणसाची सोय सोफ्यावर किंवा भिंतीतून-छतातून खाली येणाऱ्या वरच्या बेडवर असते. डेक प्लॅनवर त्याला त्रिकोण, चांदणी अशा खुणा असतात. खुणांचा तक्ता कोपऱ्यात असतो, तो वाचा. रेल्वेच्या अपर बर्थला सरावलेल्या माणसालाही हा बेड अवघड जातो, कारण शिडी अरुंद असते आणि ती बरोबर खाली झोपलेल्याच्या वाटेत येते. चौघांना एका खोलीत घालून पैसे वाचतात हे खरं. पण चौघांतलं एक माणूस म्हातारं असेल तर समोरासमोरच्या दोन इनसाइड खोल्या घ्या. कित्येकदा एका बाल्कनी खोलीच्या मानानं खर्चात फार फरक पडत नाही, दोन बाथरूम मिळतात ते वेगळंच.

पोटात ढवळणं

लांबीच्या दिशेनं झोपलं, म्हणजे डोकं पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे, तर जहाज कडेकडेनं डुललं की अंग पाळण्यासारखं कुशीवर हलतं. आडवं झोपलं तर त्याच डुलण्यानं एकदा डोकं वर, एकदा पाय वर. जहाज नाक घालू लागलं, म्हणजे त्याचं पुढचं टोक वर-खाली होऊ लागलं, की बरोबर याच्या उलट. मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही अंगांनी पंख असतात, ते कडेचं डुलणं बरंच मारतात. नाक घालणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून बेडच्या दिशेपेक्षा खोलीची जागा जास्त महत्त्वाची. एसटीच्या शेवटच्या बाकड्यावर बसून खड्ड्यांच्या रस्त्यानं गेलेल्याला हे समजावून सांगायला नको. गाडीचा मधला भाग सगळ्यात स्थिर. जहाजाचाही मधला आणि खालचा. ज्यांना बस लागते त्यांनी बाल्कनीचा हट्ट सोडून मधल्या, खालच्या डेकची खोली घ्यावी, आणि औषधाचं डॉक्टरांना निघायच्या आधी विचारून घ्यावं.

वर-खाली काय आहे तेही प्लॅनवरच दिसतं. डोक्यावर स्वयंपाकघर, नाचगाण्याचा हॉल किंवा पोहण्याच्या तलावाचा डेक नको. वर खोल्या आणि खालीही खोल्या असलेला डेक शांत. दोन खोल्यांत मधलं दार असेल तर पलीकडचं बोलणं ऐकू येतं.

खडूनं आखलेली खोली

एवढं सांगूनही जागेचा अंदाज येत नाही. लहान, जुन्या जहाजावरची इनसाइड खोली शंभर-सव्वाशे चौरस फूटच असते. म्हणून मी ऑफिसच्या शहाबादी फरशीवर खडूनं खोली आखतो. दहा फूट बाय बारा फूट. दाराशी बाथरूमचा चौकोन, समोर कपाट, बेडच्या जागी दोन बाकडी जोडून ठेवतो आणि बाथरूमच्या रेषेवर एक वीट, उंबऱ्याची. मग ज्यांना जायचं आहे त्यांना चालायला लावतो. निलंग्याच्या एका काकूंनी पदर खोचला, बाकड्यावर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि रात्री उठतात तशा उठल्या. तिसऱ्या पावलाला बाकड्याच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला. त्या काही न बोलता खाली बसल्या, हातानं खडूची रेष पुसली आणि बेड पलीकडच्या भिंतीला काढून दाखवला. "असा मिळतो का बघा." शेजारच्या नंबरची खोली नेमकी तशीच होती. आरशातली. आम्ही तीच घेतली.

घरी पट्टी-टेप असेल तर हॉलमध्ये तुम्हीही आखून बघा. खोलीचं माप कंपनी देतेच.

जहाजावर गेल्यावर कळलं तर

बॅगा उघडू नका. आधी खोलीच्या दारातून एक फोटो काढा, नंबरासकट. ईमेलची प्रत जवळ असेल तर ती घेऊन रिसेप्शनवर जा. सुटण्याआधी ते बहुधा 'फुल आहे' म्हणतात. जहाज सुटल्यावर न आलेल्या प्रवाशांच्या खोल्या कळतात, म्हणून तेव्हा परत जा. भांडू नका, कारण सांगा. "आईला रात्री उठावं लागतं, बाथरूम जवळ हवं" हे ऐकून खोली बदलून दिलेली मी पाहिली आहे. नाहीच मिळाली तर बेड सुटे करून बघा, उशा फिरवा, सोफ्याचं टेबल कर्मचाऱ्याला बाहेर न्यायला सांगा म्हणजे वाट मोकळी होते. खोलीच्या भिंती बहुतेक ठिकाणी पोलादी पत्र्याच्या असतात, त्यांना लोहचुंबकाचे हूक चिकटतात. बेडच्या टोकापासून बाथरूमच्या दारापर्यंत तीन-चार हूक लावून त्यांना छोटे रेडियमचे स्टिकर अडकवा. अंधारात हात आणि नजर दोन्ही वाट धरतात. लातुरात ते हूक हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मी आता प्रत्येक तिकिटाच्या पाकिटात सहा घालून देतो.